आवर्तसारणीवरून अणूचे आकारमान कसे ओळखावे : गावातल्या शाळेतील विद्यार्थ्यांसाठी

दहावीच्या विज्ञानात मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा धडा आला की बहुतेक विद्यार्थी दोन बाण पाठ करून मोकळे होतात : डावीकडून उजवीकडे जाताना अणू लहान होतो आणि वरून खाली जाताना मोठा होतो. तेवढ्यावर बोर्डाच्या परीक्षेतील गुण पदरात पडतात खरे, परंतु अकरावीत विज्ञान शाखेला प्रवेश घेतल्यावर ‘गॅलिअम मोठा की ॲल्युमिनिअम’ असा साधा प्रश्न आला तरी पाठ केलेला बाण चुकीचे उत्तर देतो आणि विद्यार्थी गोंधळतो. यवतमाळ, वाशीम, गडचिरोली अशा जिल्ह्यांतील खेड्यांत राहून, जवळ प्रयोगशाळा किंवा शिकवणी वर्ग नसताना, केवळ पाठ्यपुस्तकाच्या आधारे हा विषय समजून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. त्यासाठी पाठ्यपुस्तकातील आवर्तसारणी, कंपास, मोजपट्टी, कात्री, आलेखाचा एक कागद आणि गेल्या लग्नसराईत घरात साचलेल्या लग्नपत्रिका एवढे साहित्य पुरेसे आहे. पत्रिकेचा कागद जाड असल्यामुळे त्याची वर्तुळे दुमडत नाहीत आणि मागची कोरी बाजू लिहायला मिळते.

पहिली पायरी : आपण नेमके काय मोजतो आहोत?

अणूला चेंडूसारखा कडक पृष्ठभाग नसतो. केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉनांचा जो पसारा असतो तो बाहेर जाता जाता विरळ होत जातो, त्यामुळे अमुक ठिकाणी अणू संपला असे बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून रसायनशास्त्रात वेगळा मार्ग काढलेला आहे : शेजारी शेजारी असलेल्या दोन सारख्या अणूंच्या केंद्रकांमधील अंतर मोजायचे आणि त्याचे निम्मे करायचे. क्लोरीनच्या रेणूत दोन केंद्रकांमधील अंतर १९८ पिकोमीटर भरते, म्हणून क्लोरीनची अणुत्रिज्या ९९ पिकोमीटर मानली जाते. सोडिअम धातूत शेजारच्या दोन अणूंच्या केंद्रकांमध्ये ३७२ पिकोमीटर अंतर असते, म्हणून त्याची त्रिज्या १८६. पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग.

या दोन उदाहरणांतच एक मेख आहे. क्लोरीनची त्रिज्या सहसंयुज बंधावरून काढलेली आहे आणि सोडिअमची धातूच्या स्फटिकावरून. निऑन किंवा अरगॉन यांचे अणू एकमेकांशी बंध करीतच नाहीत, ते केवळ जवळ येऊन थांबतात. त्यामुळे त्यांच्यासाठी वापरली जाणारी त्रिज्या तिसऱ्याच प्रकारची असते आणि ती स्वभावतःच मोठी येते. पुस्तकात फ्लुओरीनपुढे ६४ आणि निऑनपुढे १५४ हे आकडे वाचून ‘आवर्ताच्या शेवटी अणू एकदम फुगतो’ असा निष्कर्ष काढणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. हा फुगवटा मोजण्याच्या पद्धतीतला आहे. एकाच सैद्धांतिक पद्धतीने काढलेल्या त्रिज्या पाहिल्या तर फ्लुओरीनची ४२ आणि निऑनची ३८ येते, म्हणजे घट तशीच चालू राहते. म्हणून तुलनेला बसण्यापूर्वी सर्व आकडे एकाच तक्त्यातून घ्यावेत आणि निष्क्रिय वायूंचा गण सुरुवातीला बाजूला ठेवावा. पोटॅशिअमची त्रिज्या एका पुस्तकात २३१ आणि दुसऱ्यात २२७ दिसली तरी घाबरण्याचे कारण नाही. दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त त्यांची सरमिसळ करू नये.

दुसरी पायरी : दोन प्रश्न, आणि तेही याच क्रमाने

कोणत्याही अणूच्या आकारमानाविषयी विचार करताना पहिला प्रश्न असा विचारावा की त्याला कवचे किती आहेत, आणि दुसरा असा की बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉनला केंद्रकाची ओढ प्रत्यक्षात किती जाणवते. दोन्ही बाण या दोन प्रश्नांतूनच निघतात आणि अपवादांचे उत्तरही त्यांच्यातच असते, त्यामुळे पाठ करायचेच असेल तर हे प्रश्न पाठ करावेत.

पहिला प्रश्न सोपा आहे. आवर्ताचा क्रमांक हीच कवचांची संख्या असते. लिथिअमचे इलेक्ट्रॉन संरूपण २, १ असे असून त्याला दोन कवचे आहेत. सोडिअमचे २, ८, १ म्हणजे तीन. पोटॅशिअमचे २, ८, ८, १ म्हणजे चार.

दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र थोडे थांबावे लागते. सोडिअमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन आहेत, पण सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनला ११ प्रोटॉनांची ओढ पूर्णपणे जाणवत नाही, कारण मधल्या दहा इलेक्ट्रॉनांचा आडोसा होतो. गावातल्या भागवत सप्ताहात मंडपात बसलेल्या माणसाला पुढच्या रांगांतील डोक्यांमुळे कीर्तनकार दिसत नाहीत, शेजारी त्याच रांगेत बसलेल्यामुळे मात्र फारसा अडथळा होत नाही. इलेक्ट्रॉनांचेही तसेच असून आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन भरपूर आडोसा करतात आणि त्याच कवचातील सोबती अगदी थोडा.

हा आडोसा आकड्यांत मांडण्याचा एक सोपा नियम जॉन स्लेटर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९३० साली दिला. दहावीच्या अभ्यासक्रमात तो नाही, पण बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही तो वापरता येतो आणि माझ्या मते तो दहावीतच सांगायला हवा. आपण ज्या मूलद्रव्यांचे उदाहरण घेत आहोत त्यांच्यापुरता तो असा आहे : विचाराधीन इलेक्ट्रॉनच्याच कवचातील प्रत्येक सोबत्यासाठी ०.३५, त्याच्या लगतच्या आतल्या कवचातील प्रत्येकासाठी ०.८५ आणि त्याहून आतल्या प्रत्येकासाठी पूर्ण १ धरून बेरीज करायची व ती अणुअंकातून वजा करायची. सोडिअमसाठी आतले २ इलेक्ट्रॉन २ देतात, मधले ८ इलेक्ट्रॉन ६.८ देतात, एकूण ८.८, अकरातून ते वजा केल्यावर उरतात २.२. क्लोरीनचे संरूपण २, ८, ७ आहे. आतल्यांचे तेच ८.८, त्यात सहा सोबत्यांचे २.१ मिळवले की १०.९ होतात, सतरातून वजा केल्यावर ६.१ उरतात. कवचे दोघांनाही तीनच, परंतु बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारी ओढ २.२ वरून ६.१ वर गेली. सोडिअमच्या १८६ पिकोमीटरवरून क्लोरीनच्या ९९ पिकोमीटरपर्यंत अणू आकसत का येतो, याचे कारण या दोन वजाबाक्यांत दिसते.

आता हाच हिशेब पोटॅशिअमसाठी करून पाहावा. अणुअंक १९, सर्वांत आतले १० इलेक्ट्रॉन १० देतात आणि लगतचे ८ इलेक्ट्रॉन ६.८ देतात, म्हणजे १६.८, उरले पुन्हा २.२. सोडिअम आणि पोटॅशिअम यांच्या बाह्यतम इलेक्ट्रॉनला जाणवणारी ओढ या नियमाप्रमाणे सारखीच, मात्र पोटॅशिअमचा तो इलेक्ट्रॉन एक कवच दूर आहे, म्हणून त्याचा अणू मोठा. ‘खाली जाताना प्रोटॉन वाढतात, मग अणू आवळला का जात नाही’ ही शंका हुशार विद्यार्थ्यांना हमखास येते आणि ती रास्त आहे. वाढलेल्या आठ प्रोटॉनांची ओढ वाढलेल्या आठ इलेक्ट्रॉनांच्या आडोशाने जवळपास फिटून जाते, हे तिचे उत्तर.

तिसरी पायरी : वर्तुळे कापून मांडणे

आकडे नुसते वाचून डोक्यात राहत नाहीत, म्हणून ही पायरी गाळू नये. १०० पिकोमीटरला १ सेंटिमीटर असे प्रमाण घ्यावे, म्हणजे अणू दहा कोटी पटींनी मोठा काढला जाईल. दुसऱ्या आवर्तासाठी त्रिज्या अशा आहेत : लिथिअम १५२, बेरिलिअम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६, फ्लुओरीन ६४. तिसऱ्यासाठी सोडिअम १८६, मॅग्नेशिअम १६०, ॲल्युमिनिअम १४३, सिलिकॉन ११७, फॉस्फरस ११०, सल्फर १०४ आणि क्लोरीन ९९. पहिल्या गणासाठी आणखी पोटॅशिअम २३१, रुबिडिअम २४४ आणि सीझिअम २६२ घ्यावेत. लिथिअमसाठी कंपास १.५ सेंटिमीटर उघडावा, सीझिअमसाठी २.६, मिलिमीटरचा अंश सोडून दिला तरी चालते. प्रत्येक वर्तुळावर मूलद्रव्याचे नाव, अणुअंक आणि संरूपण लिहावे व सारणीतल्या जागेनुसार ती अंगणात किंवा वर्गाच्या फरशीवर मांडावीत. कंपासच्या टोकाने मधोमध जे छिद्र पडते त्याकडेही एकदा नीट पाहावे : या प्रमाणात अणूचे केंद्रक त्या छिद्रापेक्षाही शेकडो पटींनी लहान असते, म्हणजे कागदावर दिसणारच नाही.

मांडणी झाली की घट सर्वत्र सारख्या वेगाने होत नाही हे लगेच लक्षात येते. लिथिअमकडून बेरिलिअमकडे जाताना त्रिज्या ४१ पिकोमीटरने कमी होते, तर ऑक्सिजनकडून फ्लुओरीनकडे जाताना केवळ २ ने. उजवीकडच्या अणूंची वर्तुळे एकमेकांवर ठेवली तरी फरक नखाएवढाही दिसत नाही. पहिल्या गणातही असाच खडबडीतपणा आहे : सोडिअमपासून पोटॅशिअमपर्यंत ४५ ची वाढ, आणि पोटॅशिअमपासून रुबिडिअमपर्यंत अवघी १३ ची. ही जागा खुणेने लक्षात ठेवावी, पाचव्या पायरीत ती उपयोगी पडते.

त्यानंतर आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर अणुअंक आणि उभ्या अक्षावर त्रिज्या घेऊन निऑन व अरगॉन वगळता लिथिअमपासून पोटॅशिअमपर्यंतचे बिंदू जोडावेत. लिथिअम, सोडिअम आणि पोटॅशिअम ही तीन शिखरे उभी राहतात व त्यांच्यामध्ये उतार दिसतात. अशाच स्वरूपाचा आलेख जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोथार मायर यांनी १८७० साली प्रसिद्ध केला होता, मेंडेलीव्ह यांच्या १८६९ च्या सारणीनंतर लगेचच. त्या काळी अणूची त्रिज्या मोजण्याचे साधनच नव्हते, म्हणून त्यांनी अणुभाराला घनतेने भागून आकारमान काढले. सोडिअमसाठी २३ भागिले ०.९७ म्हणजे सुमारे २३.७ घन सेंटिमीटर, ॲल्युमिनिअमसाठी २७ भागिले २.७ म्हणजे १०. ही पद्धत आजही वहीत करून पाहण्यासारखी आहे.

चौथी पायरी : जोड्या लावणे

एकाच आवर्तातील किंवा एकाच गणातील मूलद्रव्यांची तुलना सरळ असते. तिरकी जोडी आली की पाहावे लागते. फॉस्फरस आणि ऑक्सिजन घेतले तर फॉस्फरस खालीही आहे आणि डावीकडेही, म्हणजे दोन्ही कारणे त्याला मोठे ठरवतात. उत्तर निःशंकपणे देता येते, आणि आकडेही ११० व ६६ असेच आहेत. पोटॅशिअम, सोडिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम आणि क्लोरीन यांचा उतरता क्रमही याच रीतीने आकडे न पाहता लावता येतो.

लिथिअम आणि मॅग्नेशिअम यांच्या बाबतीत मात्र मॅग्नेशिअम एक ओळ खाली म्हणून मोठा आणि एक घर उजवीकडे म्हणून लहान, अशी रस्सीखेच होते. अशा वेळी तर्काने उत्तर ठोकून देऊ नये, तक्ता पाहावा. तो सांगतो १५२ आणि १६०, म्हणजे दोघे जवळजवळ सारखे. या दोन मूलद्रव्यांच्या गुणधर्मांत जे साम्य अकरावीत कर्णसंबंध म्हणून शिकवले जाते, त्याचे एक महत्त्वाचे कारण हेच जवळपास सारखे आकारमान आहे. परीक्षेत आकडे दिलेले नसतील आणि प्रश्न अशा जोडीवर असेल, तर दोन्ही कारणे परस्परविरुद्ध आहेत एवढे स्पष्टपणे लिहिणे हे अंदाजाने मारलेल्या उत्तरापेक्षा केव्हाही चांगले.

पाचवी पायरी : जिथे बाण फसतात

ॲल्युमिनिअमच्या बरोबर खाली गॅलिअम आहे. बाणाप्रमाणे तो मोठा असायला हवा, परंतु ॲल्युमिनिअमची त्रिज्या १४३ आणि गॅलिअमची १३५. कारण शोधण्यासाठी पुन्हा दुसऱ्या प्रश्नाकडे जावे. चौथ्या आवर्तात कॅल्शिअम आणि गॅलिअम यांच्यामध्ये स्कँडिअमपासून जस्तापर्यंत दहा मूलद्रव्ये घुसलेली आहेत. या दहा पावलांत केंद्रकात दहा प्रोटॉन वाढले, पण सोबत आलेले इलेक्ट्रॉन आतल्या तिसऱ्या कवचातील डी उपकवचात (उपकवच म्हणजे कवचाचा एक पोटभाग) जाऊन बसले, आणि या उपकवचातील इलेक्ट्रॉनांचा आडोसा तोकडा पडतो. परिणामी गॅलिअमच्या बाह्यतम इलेक्ट्रॉनांवरची ओढ अपेक्षेपेक्षा जास्त होते आणि अणू आवळला जातो. पोटॅशिअम आणि रुबिडिअम यांच्यामध्येही हीच दहा मूलद्रव्ये येतात, म्हणून तिथली वाढ १३ वरच अडकली. स्लेटरचा नियम रुबिडिअमसाठीही २.२ असेच उत्तर देतो, कारण डी उपकवचाचा हा तोकडेपणा त्याच्या ढोबळ हिशेबात उतरत नाही. नियमाची मर्यादा इथे दिसते.

खुद्द त्या दहा मूलद्रव्यांच्या ओळीत आकारमान मध्यावर फारसे हलत नाही. लोखंड १२६, कोबाल्ट १२५, निकेल १२४, आणि मग तांबे थोडे वाढून १२८. गडचिरोलीतील सूरजागडच्या खनिजातले लोखंड आणि भंडारा जिल्ह्यातल्या खाणींतले मँगनीज हे सारणीतले सख्खे शेजारी असून त्यांचे अणू आकाराने इतके जवळचे आहेत की पोलादात लोखंडाच्या अणूच्या जागी मँगनीजचा अणू सहज सामावतो.

याहून ठळक उदाहरण झिर्कोनिअम आणि हाफ्निअम यांचे. दोघे एकाच गणातले, एकाखाली एक, तरीही त्रिज्या १६० आणि १५९. इथे मध्ये चौदा मूलद्रव्यांची लँथनाइड श्रेणी आलेली आहे आणि तिच्यातील एफ उपकवचाचा आडोसा डी उपकवचाहूनही कमकुवत असतो. आकार तोच राहिला पण अणुभार ९१ वरून १७८ वर गेला, म्हणून घनता सुमारे ६.५ वरून १३.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरवर पोहोचते. दोघांच्या या साम्यामुळेच हाफ्निअम झिर्कोनिअमच्या खनिजांत दडून राहिले होते आणि ते ओळखू यायला १९२३ साल उजाडावे लागले.

सहावी पायरी : आयन, म्हणजे मातीत आणि पाण्यात खरोखर जे असते ते

शेतात, विहिरीत आणि मिठाच्या डब्यात सोडिअमचा उदासीन अणू कुठेच नसतो. असतो तो त्याचा धन आयन. बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन गेला की सोडिअमचे तिसरे कवच रिकामे होते आणि त्रिज्या १८६ वरून १०२ पिकोमीटरवर येते. क्लोरीनने एक इलेक्ट्रॉन घेतला की सोबत्यांची आपसांतली ढकलाढकली वाढते व तो ९९ वरून १८१ वर जातो. अणू म्हणून सोडिअम क्लोरीनच्या जवळपास दुप्पट होता, आयन म्हणून नाते उलटे झाले. पडताळा घ्यायचा तर या दोन आयनांच्या त्रिज्यांची बेरीज करावी : २८३. मिठाच्या स्फटिकात सोडिअम आणि क्लोरीन यांच्या केंद्रकांमधील मोजलेले अंतर २८२ पिकोमीटर आहे.

आडोसा समजला की नाही हे तपासण्यासाठी ऑक्साइड, फ्लुओराइड, सोडिअम, मॅग्नेशिअम आणि ॲल्युमिनिअम या पाच आयनांइतकी चांगली परीक्षा नाही. प्रत्येकाकडे इलेक्ट्रॉन दहाच आहेत, केंद्रकातील प्रोटॉन मात्र अनुक्रमे ८, ९, ११, १२ आणि १३. तेवढेच इलेक्ट्रॉन आणि वाढती ओढ, म्हणून त्रिज्या १४०, १३३, १०२, ७२ आणि ५४ अशी उतरत जाते. यांचीही वर्तुळे कापून मूळ अणूंच्या वर्तुळांवर ठेवावीत.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लुओराइड जास्त आढळते, हे तिथल्या विद्यार्थ्यांना ठाऊकच असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा असून दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. दात आणि हाडे ज्या कॅल्शिअम फॉस्फेटयुक्त खनिजाची बनलेली असतात त्यात हायड्रॉक्साइड आयनाची एक जागा असते. त्या आयनाची त्रिज्या सुमारे १३७ पिकोमीटर आणि फ्लुओराइडची १३३, शिवाय दोघांवरचा ऋण प्रभारही सारखाच, त्यामुळे फ्लुओराइड त्या जागी सहज शिरतो. १८१ पिकोमीटरच्या क्लोराइडला ती जागा तितकी मानवत नाही. पाणी उकळल्याने फ्लुओराइड निघून जात नाही, हेही इथेच सांगून ठेवतो, कारण अनेक घरांत तसा समज आहे.

आकारमान सारखे असले की वागणूकही सारखीच असेल असे मात्र धरून चालू नये. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात काळ्या मातीच्या कणांना सोडिअमचे आयन चिकटलेले असतात. पाणी पडले की ती माती विस्कटते, चिकट होते आणि पाणी खाली मुरू देत नाही. अशा जमिनीत जिप्सम घालतात, कारण त्यातील कॅल्शिअम सोडिअमला हटवून त्याची जागा घेतो. कॅल्शिअम आयनाची त्रिज्या १०० पिकोमीटर आणि सोडिअमची १०२, म्हणजे मापाने दोघे जुळे. परंतु कॅल्शिअमवर दोन धन प्रभार आहेत आणि सोडिअमवर एक, म्हणून ऋण प्रभार असलेला मातीचा कण कॅल्शिअमला अधिक घट्ट धरतो व कण एकमेकांना बिलगून राहतात. आयनांवरच्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना त्रिज्येच्या शेजारी प्रभारही लिहिण्याची सवय यासाठीच लावून घ्यावी, आणि वहीतल्या तक्त्यात त्याचा वेगळा रकाना पहिल्या दिवसापासून आखून ठेवावा.